वैष्णवीची पाठ

वैष्णवीची पाठ अचानक थांबली आणि शिवकन्येच्या दोन्ही मुठी जाऊन तिच्या बरगड्यांवर आदळल्या. नाव एका अंगावर कलली, वल्ह्यांची पाती एकमेकांवर खडखडली आणि धरणाचं सकाळचं गारढोण पाणी शिवकन्येच्या मांडीवर आलं. दोघींची ती लांबलचक नाव रुंदीला जेमतेम हातभर. एकीला शिंक आली तरी दुसरीला तोल सावरावा लागायचा. शिवकन्येनं वल्ही पाण्यावर आडवी टाकून कसाबसा तोल धरला. समोरची पाठ तशीच ताठ होती. टी-शर्टवर घामाचा डाग, मानेवर घट्ट बांधलेला अंबाडा, कानामागून सुटलेली एक बट. त्या बटेशिवाय काही हलत नव्हतं. मग काहीच झालं नसावं तशी ती पाठ पुन्हा वाकली, हात पुढं गेले, आणि वैष्णवी मान न वळवता म्हणाली, "मधीच थांबलीस का गं?"

शिवकन्या काही बोलायच्या आत काठावरून हाक आली. "शिवकन्या! ध्यान कुठंय? पुढचीच्या अंगावर काय चाललीस!" कृष्णराज सर मोटारसायकल थांबवून उभे होते. फौजेत असताना त्यांनी पुण्याला वल्हवण्यात नाव काढलं होतं. निवृत्त होऊन गावी आले, परंड्याच्या कॉलेजात शिकवू लागले आणि कुठून कुठून खटपट करून दोन जुन्या नावा मिळवून आणल्या. सोनारीच्या पुढं सीना नदीच्या धरणाचं पाणी पसरलंय, तिथं पत्र्याची शेड उभी केली. सकाळी मुली पाण्यात, सर काठाकाठानं मोटारसायकलवर. काठावरून त्यांना जे दिसलं ते खरंच तसंच दिसलं असणार, मागची पुढचीवर जाऊन आदळली. शिवकन्येच्या जिभेवर आलं होतं की सर, तीच थांबली. पण तोंडातून निघालं ते, "चुकलं सर."

का म्हणालो आपण असं, हे तिला शेडपर्यंत येईतो उमगलं नाही. नावेत दोघीही पाठीच्या दिशेनं जातात. जिकडं जायचं तिकडं पाठ आणि जे मागं सोडलं तिकडं तोंड. वैष्णवी पुढच्या सीटवर. ती हात टाकेल तो ताल. तिच्या डोळ्यांपुढं फक्त मागं पडत जाणारं पाणी असायचं. शिवकन्येच्या डोळ्यांपुढं वैष्णवी. अधूनमधून खांद्यावरून वळून कोळ्यांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे आणि शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप चुकवायचे, आणि पुन्हा त्या पाठीकडं बघायचं. सहा महिने ती हेच बघत आली होती. वैष्णवीची झोप झाली नसली की डावा खांदा किंचित वर येतो. घरून फोन आलेला असला की ती पहिली काही वल्ही घाईनं मारते. पाळीच्या दिवसांत कंबर जपून वाकवते. वैष्णवीच्या आईलाही तिची पाठ इतकी ठाऊक नसेल. म्हणूनच आजचं ते थांबणं शिवकन्येला वेगळं वाटलं. दमून माणूस थांबतो तेव्हा सैल पडतो. ही पाठ सैल पडली नव्हती. तिच्यातून कुणीतरी उठून गेलं होतं.

त्याच दिवशी दुपारी परंड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेताना तिनं ते समोरून पाहिलं. तिघी होत्या, तिसरी अक्षदा, राखीव खेळाडू, मोबाइलवर कुणाचा तरी लग्नातला नाच बघून खिदळत होती. वैष्णवी सांगत होती, "आन् मग पप्पा म्हणले की एवढा एक सीझन..." आणि ग्लास ओठांपासून चार बोटांवर राहिला. डोळे उघडे होते, पण शिवकन्येच्या आरपार कुठंतरी. पापण्या बारीक फडफडल्या. ओठ काही चघळल्यासारखे हलले. ग्लास तिरका होऊन चहाची धार ओढणीवर पडत राहिली, गरम चहा, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. अक्षदेनं मोबाइलमधून मान वर काढायच्या आत वैष्णवी परत आली होती. "...खेळून घे म्हणले. अगं बाई, हे काय सांडलं?" ती हसली. शिवकन्याही हसली, पण तिची नजर वैष्णवीच्या ओठांवरून हटली नाही. कारण ते चघळणारे ओठ तिनं आधी पाहिले होते. लोहाऱ्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या आपल्या गावात, आपल्या घरात, बिराप्पाकाकाच्या तोंडावर.

बिराप्पाकाका शिवकन्येच्या वडलांचा, व्यंकटचा, धाकटा भाऊ. मेंढरं कातरायचे दिवस असले की सगळं घर मेंढवाड्याभोवती जमायचं, लोकरीचा तेलकट वास अंगाला चिकटायचा, आणि काका मात्र बाजूला लोकरीच्या गठ्ठ्यावर बसून राहायचा. त्याच्या हातात कुणी कातर देत नसे. "मला येतंय की," तो म्हणायचा. दरवर्षी म्हणायचा. "व्हय व्हय, येतंय," असं म्हणून व्यंकट त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायचा. आधी काका बोलता बोलता नुसता थांबायचा, तेवढंच. गंमत वाटायची मुलांना. पुढं तो पडायला लागला, आणि एकदा चुलीपाशी पडला. तेव्हापासून विहीर नाही, आग नाही, मोटारसायकल नाही, मेंढरांमागं एकट्यानं जाणं नाही. चाळिशीचा दांडगा माणूस, दिवसभर सावलीत बसून मुंग्या बघायचा. आणि हरणाबाईकाकी. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. शिवकन्या लहान असताना ओढ्यावर धुणं धुताना काकी एकदा आईला म्हणाली होती, "म्हायती असतं तरी म्या न्हाय म्हणले नसते, अक्का. पण तुमी सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुता आन् एकालाबी सांगावंसं वाटलं न्हाय." आईनं पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं होतं.

त्या दिवसापासून शिवकन्येला नावेत बसणं म्हणजे पहारा देणं झालं. ट्रायल पंधरवड्यावर आलेली. विद्यापीठाचे निवडणारे येणार होते. जमलं तर ही जोडी देशभरच्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जाणार, नाही जमलं तर शेडला कुलूप. सर रोज अंतर वाढवत होते. शिवकन्येला दम लागायचा तो वल्हवण्यानं नव्हे. समोरची मान थोडी ताठ झाली की तिचा श्वास अडकायचा. वाऱ्यानं बट हलली की वाटायचं, झालं. वैष्णवी आता जाईल. कडेला गेली तर पाय नावेला जोडलेल्या बुटांत बांधलेले, नाव उलटली तर ते बूट तिला सोडवता यायचे का? भानावर असलेल्या माणसाला ते एका ओढीत सुटतात. पण जो तिथं नसेलच त्याला? लाइफ जॅकेट घातलं की हात मोकळे चालत नाहीत म्हणून दोघी ती शेडमध्येच ठेवून यायच्या, आणि सरही त्याकडं कानाडोळा करायचे. पाणी हिरवट, काळं, दोन पुरुष तरी खोल. शिवकन्या रोज ठरवायची की आज सांगायचं. आणि रोज शेडमध्ये नाव उलटी करून लाकडी घोडीवर ठेवताना दुसऱ्या टोकाला वैष्णवीचा लाल झालेला, हसरा चेहरा दिसायचा, आणि राहून जायचं.

पण राहून जायचं ते केवळ मायेपोटी, असंही नव्हतं. हे कबूल करायला शिवकन्येला फार दिवस लागले. तिला पुढची सीट हवी होती. पहिल्या महिन्यापासून. सरांनी कबड्डीच्या जिल्हा निवडीत तिचे खांदे बघून तिला बोलावलं होतं, ती वैष्णवीपेक्षा ताकदीची होती, आणि तरी सर म्हणाले होते, "ताकद मागं, ताल पुढं." तो शब्द तिला लागला होता. सराव करताना कधी कधी तिला वाटायचं की ही पाठ समोर नसती तर केवढं पाणी दिसलं असतं. आणि आता ही पाठ बाजूला करायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य खरं होतं, सांगायलाच हवं असं होतं, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटत होती. आपण सांगितलं तर तिच्या जिवासाठी सांगितलं की सीटसाठी, हे आपलं आपल्याला तरी कळेल का? बिराप्पाकाकाच्या हातातली कातर काढून घेणाऱ्या माणसांनाही वाटलंच असेल की आपण त्याच्या जिवासाठी करतोय.

शेवटी तिनं वैष्णवीलाच विचारलं. हॉस्टेलच्या मागं नळावर दोघी कपडे धूत होत्या, रविवारची सकाळ, भोवती ऊन पसरलेलं. शिवकन्या म्हणाली, "तुला मधीच काय व्हतंय ते तुला कळतंय का?"

वैष्णवीचा हात साबणावर थांबला. या वेळी ती स्वतः थांबली होती. "काय व्हतंय?"

"त्या दिवशी नावंत म्या न्हाय थांबले. तू थांबलीस. आन् हॉटेलात चहा सांडला तवा पण."

वैष्णवीनं भरून वाहणारी बादली नळाखालून ओढली. मग हळू म्हणाली, "गाणं चालू असताना मधीच लाइट जाऊन आल्यासारखं वाटतंय. गाणं पुढं गेलेलं असतंय. बास. पडत बिडत न्हाय मी."

"आमचा काका पण आधी पडत नव्हता."

"मी तुझा काका हाय का?" वैष्णवी एकदम उसळली. "घरी बार्शीकडचं स्थळ बघून ठिवलंय. पप्पा म्हणलेत, स्पर्धेला गेलीस तर एक वरीस थांबू, पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागा असतात, ती भर. न्हाय गेलीस तर वैशाखात लगीन. तुझं एक तोंड उघडलं तर माझं दोन्ही जाईल. भरती पण, आन्... फिट येती म्हणल्यावर कोण करून घेतंय?"

"पाण्यात गेलीस तर?"

"तू हाईस की मागं." आणि मग, डोळे बारीक करून, "का तुला पुढं बसायचंय?"

शिवकन्येच्या कानशिलांत ऊन भरलं. खोटं असतं तर तिनं तिथंच भांडण काढलं असतं. ती पिळलेले कपडे बादलीत टाकून उठली आणि तारेवर वाळत घालायला लागली, एकेक चिमटा जरुरीपेक्षा जास्त नीट लावत. मागून वैष्णवीचा आवाज आला, आता रडवेला, "शिवा, ट्रायलपुरतं. तुझ्या पाया पडते."

ट्रायलच्या सकाळी वारा पडलेला होता. पाणी तेल ओतल्यासारखं. काठावर विद्यापीठाचे दोघे खुर्च्या टाकून बसले होते, अक्षदा गळ्यात शिट्टी घालून मिरवत होती, सरांनी नवा शर्ट घातला होता आणि तो त्यांना गळ्याशी आवळत होता. शिवकन्येनं शेडमधून निघताना जॅकेटांकडं पाहिलं आणि वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवीनं मान हलवली. नको. नाव पाण्यात उतरली. सुटली तेव्हा शिवकन्येला सगळं विसरायला झालं, इतका वैष्णवीचा ताल सुरेख लागला होता. एकाच अंगाला चार हात असल्यासारख्या त्या दोघी वाकत होत्या, नाव पाण्यावर नसून पाण्याच्या जरा वरून चाललीय असं वाटत होतं. अर्धं अंतर गेलं. काठावरचा, पाण्याच्या मोटारींचा विजेचा खांब मागं पडला. शिवकन्या चाकांवरच्या सीटसकट पुढं सरकायला पाय दुमडणार, तेवढ्यात तिला समोर ती ताठ पाठ दिसली.

हाक मारावी, थांबावं, हात वर करावा, हे सगळं तिला सुचलं, आणि तिच्या हातांनी यातलं काहीच केलं नाही. वैष्णवी ओढ संपवून मागं रेललेली होती तशीच गोठली होती. तिची वल्ही पाण्यावर सपाट पडून नुसती घसटत होती. शिवकन्येनं सीट सरकवली नाही. पाय ताठ ठेवून नुसत्या पाठीनं आणि दंडांनी ती आखूड आखूड ओढत राहिली, तिच्या मुठी वैष्णवीच्या पाठीला लागू नयेत, पात्यांना पाती लागू नयेत, नाव कलू नये. दंड पेटले. तोंडात लोखंडाची चव आली. ये, ती मनात म्हणत होती, ये गं, ये, ये. एकीकडं तिला दिसत होतं की ही जर आत्ता कडेला झुकली तर आपण काहीही करू शकणार नाही. आणि तरी ती नाव पुढं नेत होती. मग बट हलली, खांदे हलले, वैष्णवीचे हात पुढं गेले आणि ताल जिथून तुटला होता तिथून पुन्हा लागला. अंतर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या बाभळीपर्यंत त्या तशाच गेल्या. शिट्टी वाजली. काठावर टाळ्या वाजल्या.

"मधी जरा मंदावलात, पण संपवलंत झकास!" सरांनी पाण्यात गुडघाभर येऊन नाव धरली. त्यांचा नवा शर्ट भिजला. "जमलं पोरींनो. घेतलं तुम्हाला." वैष्णवी उतरली आणि शिवकन्येच्या गळ्यात पडली, घामानं चिंब, हसत, आणि तिच्या कानात कुजबुजली, "बघ. काय झालं?" ते तिनं अगदी निर्मळपणे विचारलं होतं. तिला ठाऊकच नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं. आणि इथून पुढं सगळा सीझन हे असंच चालणार, अनोळखी पाण्यावर, शेजारी दहा नावा धावत असताना. आणि आपण तिच्या पाठीकडं बघत, वाट बघत बसणार. ओढ्याकाठची आई तिला आठवली, पिळलेलं लुगडं पुन्हा बुडवणारी.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर ती शेडमध्ये आली. सर वल्ही पुसत होते. "सर, वैष्णवीला पाण्यात नेऊ नका," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, बरगड्यांवर आदळलेल्या मुठींपासून आज मधल्या अंतरात काय झालं तिथपर्यंत.  सरांनी हातातलं वल्हं भिंतीला टेकवलं. मग त्यांची नजर खुंटीवरच्या जॅकेटांकडं गेली. ते नावेच्या घोडीवर टेकले. "मी काठावर हुतो," ते म्हणाले. "मी टाळ्या वाजवल्या." दारात वैष्णवी उभी होती. कधी आली कोण जाणे. ती ओरडली नाही, रडलीही नाही. पायांतले ओले मोजे काढून तिनं दोरीवर टाकले आणि म्हणाली, "बस आता पुढं." आणि गेली.

तिच्या वडलांना बोलावून घेतलं, सर स्वतः त्यांच्याबरोबर सोलापूरला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, नियमानं घेतल्या तर हे आटोक्यात राहतं, शिक्षण, नोकरी, लग्न सगळं होतं. पण पाणी आणि गाडी चालवणं बरेच दिवस बंद. विद्यापीठानं अक्षदेला घेऊन जोडी पुन्हा तपासली आणि मान्य केली. शिवकन्या पुढच्या सीटवर बसली. आता तिच्यासमोर कुणी नव्हतं. मागं पडत जाणारं पाणी, त्यात दोन्ही बाजूंना विरत जाणाऱ्या भोवऱ्यांच्या रांगा, आणि लांब काठ. इतके दिवस हेच पाणी तिला हवं होतं. पण पहिल्या दिवशी ते मोकळं, लखलखीत पाणी सोडून ती स्वतःच्या मुठींकडंच बघत वल्हवत राहिली. तिनं वैष्णवीला फोन केले. उचलले गेले नाहीत. स्पर्धेला निघायच्या आदल्या रविवारी ती बार्शीमार्गे एसटीनं येरमाळ्याला, वैष्णवीच्या घरी गेली.

घर हायवेच्या कडेलाच होतं, पुढं पंक्चरचं दुकान, मागं ज्वारी. दारात वैष्णवीची आई, कमलबाई, हरभरा सोलत बसल्या होत्या. शिवकन्येनं नाव सांगितलं तसा त्यांचा हात थांबला. "तूच व्हय ती," त्या म्हणाल्या. "बार्शीवाल्यांनी लग्नाला न्हाय म्हणून कळवलंय. पाचवीपासनं झाकून ठिवलं हुतं म्या, पोरी. तिलासुदिक न्हाय सांगितलं. वाटलं, वयानं जाईल."  पायरीवर चढावं की माघारी फिरावं, हे शिवकन्येला कळेना. कमलबाई सोललेल्या हरभऱ्याची सुपली बाजूला सारून म्हणाल्या, "आत हाय. जा. मला काय इचारू नको."

वैष्णवी खाटेवर बसून गोळीचं पाकीट उलटसुलट करत होती. जरा सुजल्यासारखी, जरा संथ दिसत होती. केस मोकळे. शिवकन्येनं तिला एवढा वेळ समोरून कधी पाहिलंच नव्हतं.  बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"अक्षदा कशी ओढती?" वैष्णवीनं विचारलं.

"बरी. उजवीकडं जरा जास्त."

"तू घाई करत असशील. शेवटाला तू लई घाई करती."

"व्हय."

"मी तुला माफ बिफ केलेलं न्हाय," वैष्णवी म्हणाली. पाकिटाचा चुरचुर आवाज थांबला. "पण मला एक सांग. ट्रायलला मी किती वेळ नव्हते?"

"लई न्हाय. पाच-सहा वल्ही असतील."

"मला खांब आठवतोय आन् एकदम तोच खांब लांब गेलेला. मधलं न्हाईच माझ्यापशी." ती खाली बघत म्हणाली. "घरात सगळे मला गोळी घेतली का इचारत्यात. मधी काय हुतं ते कुणाला इचारू? तूच हुतीस तिथं."

शिवकन्या खाटेच्या कडेला टेकली.  तिला वाटलं होतं की त्या वेळचं आपल्याला फक्त दंडांची आग आणि भीती तेवढी आठवते. पण आता ती शोधू लागली तसं बाकीचंही हाताला लागत गेलं.

"एक बगळा उठला," ती म्हणाली. "जाळ्याच्या काठीवर बसलेला. आपण जवळ गेलो तसा उठला. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, गुळाचा वास आला."

"नाव वाकडी गेली?"

"न्हाय. सरळ गेली."

वैष्णवीनं मान वर केली. पहिल्यांदाच तिनं शिवकन्येच्या डोळ्यांत पाहिलं.

"बगळा कुठल्या अंगानं गेला?"

"तुझ्या डाव्या," शिवकन्या म्हणाली, आणि हातानं दाखवत, एकेक वल्हं मोजून, सावकाश सांगायला लागली.